घरात नुसता काड्या-गोट्यांचा पसारा, काय करू या पोराचं?

बाजाराच्या दिवशी माझ्याकडे गर्दी जास्त असते. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, बायका भाजी घ्यायला आल्या की पाच मिनिटं म्हणून डोकावतात, कारण "समुपदेशनाला चालली" असं सांगून घरून निघणं अजूनही सोपं नाही. मागच्या मे महिन्यात एक ताई आल्या (ओळख पटू नये म्हणून थोडंफार बदललंय), बसायच्या आधीच पिशवीतल्या वांग्यांवर ठेवलेलं एक काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं. काळ्या मातीचा बैल. पाय पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या झाडाच्या) काड्यांचे, शिंगं म्हणजे बाभळीचे दोन पांढरे काटे, आणि पाठीवर आरपार भेग.

"पाहा जी मॅडम, दिवसभर हेच करते. काड्या, गोटे, शेंगा, सारं घरात आणून टाकते. सासू म्हणते घर हाय का उकिरडा. अभ्यासाले बस म्हटलं का पळते. अन् हे असं फुटलं का रडते, जेवत नाही. पोट्ट्याच्या डोक्यात काही फरक तं नाही न?"

पोरगा 8 वर्षांचा, तिसरीतला. शाळेतून कोणीतरी "मंद आहे" असं म्हटलं होतं, ते वाक्य ताईंना रात्री झोपू देत नव्हतं.

ही काळजी माझ्याकडे बऱ्याच आया घेऊन येतात, त्यामुळे मी आधी काय विचारते ते सांगते. हाक मारली की बघतो का, गोष्ट ऐकून परत सांगतो का, बाकी पोरांत खेळतो का, फळ्यावरचं नीट दिसतं का, आणि माती हाताळतो की खातो. खात असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, मग डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासायचं, जंतांचंही विचारायचं. बोलतच नाही, हाकेला ओ देत नाही, नुसत्या वस्तू ओळीत लावत बसतो असं असेल तरी डॉक्टरांना दाखवाच. इथं तसं काहीच नव्हतं. पोरगा बोलका होता, वाचन मात्र खरंच अडखळत होतं.

आता माझी चूक. मी ताईंना म्हटलं, तुम्ही पण त्याच्यासोबत बसा, मोबाईलवर व्हिडिओ असतात, त्यातलं बघून काहीतरी छान बनवा. पंधरा दिवसांनी त्या आल्या त्या चिडूनच. व्हिडिओत ग्लू गन, रंगीत डोळे, चकाकणारा कागद, यातलं गावात काय मिळणार? आणि "असं नाही, तसं कर, पाय सारखे कर" हे ऐकून पोरानं तीन दिवसांत सगळं सोडून दिलं न् मोबाईल मात्र धरला. म्हणजे माझ्या सल्ल्यानं होतं तेही गेलं. मला बोलायला जागाच नव्हती.

काय बोलावं सुचेना, म्हणून मी टेबलावरचा तो बैल हातात घेतला (माझ्याकडेच राहिला होता) आणि सहज विचारलं, ही माती फुटते का हो अशी?

"काळी माती हाय न जी ते. वली झाली का फुगते, वाळली का आकसते, शेतात नाही का भेगा पडत. म्या चूल घालतो तं कुटार टाकतो न तिच्यात, नाही तं चूलही तडकते."

कुटार म्हणजे भुसा. मी म्हटलं, हे कधी त्याला सांगितलंत का?

ताई एकदम गप्प. मग म्हणाल्या, "त्यानं कधी विचारलंच नाही. अन् म्या कधी पाहिलंच नाही का त्याची माती कोणती."

बघा, बाई दरवर्षी हातानं चूल घालते, भुलाबाईची मूर्ती लहानपणी स्वतः केलेली, आणि मी तिला व्हिडिओ बघायला पाठवलं! मग आमचं एवढंच ठरलं, की नवी चूल घालायची तेव्हा पोराला जवळ बसवायचं, त्याला एक गोळा द्यायचा, आपलं काम आपण करायचं, त्याचं त्यानं. "हे काय बनवलं?" विचारायचं नाही, कारण कित्येकदा पोरालाच ते अजून ठरलेलं नसतं. विचारायचंच तर "हे कसं उभं राह्यलं?" असं. पसाऱ्यासाठी पडवीत एक फाटकं पोतं, त्याच्या बाहेर काही नाही, आणि पोतं भरलं की काय ठेवायचं काय फेकायचं हे तोच ठरवणार.

थोडे नियम मात्र मी कडक सांगितले. गुंजा, एरंडीच्या बिया, धोतरा, कण्हेर यांना हात नाही, विषारी आहेत, घरात लहान बहीण रांगती असली तर अजिबातच नाही. रुईचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. फवारणीच्या दिवसांत शेतातून काही उचलायचं नाही न् औषधाच्या रिकाम्या बाटल्या तर कधीच नाही. पऱ्हाट्यांच्या ढिगात न् दगडाखाली आधी काठी, मग हात, विंचू-साप काही सांगून येत नाहीत. बाकी चिंचोके, बहाव्याच्या शेंगा, सागाची वाळकी पानं, पळसाच्या शेंगा, आपल्याकडे काय कमी आहे?

सासूबाईंच्या "उकिरड्या"साठी मी चंदीगडच्या नेकचंद यांची गोष्ट सांगितली, रस्ते खात्यातला माणूस, 1957 पासून फुटक्या बांगड्या, कपबश्या, दगडगोटे गोळा करून गुपचूप मूर्ती करत बसला, 1976 ला ते रॉक गार्डन लोकांसाठी खुलं झालं. सासूबाईंवर काही परिणाम झाला नाही म्हणे.

पोळ्याच्या नंतरच्या बाजाराला ताई परत आल्या. तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान पोरांचा पोळा) सगळ्या पोरांचे लाकडी नंदी, चाकं लावलेले, याचा मातीचा. वाटेतच एक शिंग पडलं. मी विचारलं, रडला?

"नाही जी. तिथंच बाभूळ होती, काटा तोडला अन् खोसला."

वाचनाचं अजून अडतंच आहे, ते मी झाकून ठेवणार नाही. त्यासाठी शाळेतल्या दुसऱ्या एका मॅडमशी बोललो, त्या शाळा सुटल्यावर अर्धा तास वेगळा देतात, त्याला वेळ लागेल. उठताना ताईंनी पिशवी सारखी केली तर वांग्यांखाली चार-पाच वाकड्या काड्या. मी बघितलं तशा हसल्या.

"वावरातून येता येता दिसल्या जी. सासू म्हणते, आंधी एक होता, आता दोघं झाले."