रिफंड कार्डावरच घ्यायची सक्ती असते का?

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. दिरांनी स्पॉन्सर केलेल्या ग्रीन कार्डावर हे कुटुंब तीन वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलं. थोरला मुलगा कम्युनिटी कॉलेजात शिकतो, त्याला पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारची परत न करावी लागणारी शिक्षणमदत मिळते. त्या लिहितात:

"जानेवारीच्या सेमिस्टरला ग्रँटचे ३,६९७ डॉलर जमा झाले. फी वळती होऊन १,२३७ उरले. ते मिळण्याआधीच कॉलेजच्या नावाचं पाकीट घरी आलं. मुलानं त्यातलं कार्ड चालू केलं आणि पैसे त्यावर आले. दोन महिन्यांत ७०.५० डॉलर नुसत्या चार्जेसमध्ये गेले. ओव्हरड्राफ्टचे २९, पिन टाकून खरेदी केली की दर वेळी ५० सेंट असे साडेआठ, आणि गॅस स्टेशनच्या एटीएममधून सहा वेळा काढले त्याचे कार्डवाल्यांचे १५ आणि मशीनवाल्याचे १८. मी कॉलेजात फोन केला तर माझ्याशी बोलायलाच तयार नाहीत. मुलाला म्हणाले, कार्ड नको असेल तर स्वतःच्या बँकेत पैसे यायला तीन आठवडे जास्त लागतील. तक्रार केली तर ग्रँट बंद होईल, असं ह्यांना वाटतं. रक्कम तुम्हाला किरकोळ वाटेल, पण आमचा तो अर्ध्या आठवड्याचा किराणा आहे. माझा भाचा ऑगस्टमध्ये एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर येतोय, त्यालाही हेच कार्ड घ्यावं लागेल का?"

ताई, आधी तुमच्या यजमानांची भीती काढून टाकू. पेल ग्रँट ठरते ती फाफ्सात, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जात भरलेल्या उत्पन्नावरून आणि मुलगा किती क्रेडिट घेतो, पास होतो का, यावरून. कार्डाबद्दल तक्रार केली म्हणून ग्रँट थांबवण्याचा अधिकार कॉलेजला नाही. पैसे सरकारचे आहेत, मुलाच्या नावाचे आहेत. कॉलेज फक्त मधला हमाल.

या हमालीतच सगळी मेख आहे. फी वळती करून उरलेली रक्कम, म्हणजेच रिफंड, विद्यार्थ्याला द्यायची म्हणजे हजारो चेक लिहायचे, टपालात टाकायचे, हरवले तर पुन्हा लिहायचे. २००० नंतर काही कंपन्या कॉलेजांकडे गेल्या आणि म्हणाल्या, हे काम आम्ही करतो. त्यांची कमाई विद्यार्थ्याच्या कार्डावरून व्हायची. तुम्ही लिहिलेला तो पिनमागे ५० सेंटचा चार्ज वाचला आणि मला जुने दिवस आठवले. या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी होती न्यू हेवनची हायर वन, आणि हाच तिचा कुप्रसिद्ध चार्ज. २०१२ मध्ये एफडीआयसीने, म्हणजे बँकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, तिला सुमारे ६०,००० विद्यार्थ्यांचे १ कोटी १० लाख डॉलर परत करायला लावले, कारण खात्यात पैसे नसताना एकाच व्यवहारावर पुन्हा पुन्हा दंड लावला जात होता. डिसेंबर २०१५ मध्ये एफडीआयसी आणि फेडरल रिझर्व्ह या दोघांनी मिळून आणखी साडेपाच कोटींच्या आसपास परतफेड करायला लावली. या वेळचा मुद्दा तुमच्या पत्रातलाच होता: पैसे घेण्याचे दुसरे मार्ग आहेत आणि चार्जेस काय आहेत, हे विद्यार्थ्यांना नीट सांगितलंच नव्हतं.

त्याच काळात केंद्रीय शिक्षण खात्याने नियम बदलले. ३० ऑक्टोबर २०१५ ला ते प्रसिद्ध झाले आणि १ जुलै २०१६ पासून लागू आहेत. तुमच्या प्रकरणाचा कणा हाच, म्हणून इथे जरा थांबते.

पहिली गोष्ट, सक्ती नाही. कंपनीशी करार केलेल्या कॉलेजनं विद्यार्थ्यापुढे पर्याय ठेवलेच पाहिजेत, आणि त्यात त्याचं आधीपासूनचं बँक खातं सर्वांत वर आणि सर्वांत ठळक दिसलं पाहिजे. कंपनीच्या खात्यावर आधीच टिचकी मारून ठेवता येत नाही. स्वतःच्या खात्यात पैसे मागणाऱ्याला जास्त वेळ लावायचा नाही, जास्त कागद मागायचे नाहीत. म्हणजे 'तीन आठवडे जास्त' हे वाक्य ज्या कोणी उच्चारलं, त्याने नियमभंगाची कबुलीच दिली. रिफंडची मुदतही ठरलेली आहे. शिल्लक निर्माण झाल्यापासून १४ दिवस, आणि ती सेमिस्टर सुरू होण्याआधीच झाली असेल तर वर्ग सुरू झाल्याच्या दिवसापासून १४ दिवस. मुलानं काहीच निवडलं नाही तरी याच मुदतीत चेकनं किंवा दुसऱ्या मार्गानं पैसे द्यावेच लागतात.

दुसरी गोष्ट ते पाकीट. ते पुन्हा काढून बघा. बऱ्याच कंपन्या एक कोड छापलेला कागद पाठवतात आणि साइटवर जाऊन पर्याय निवडायला सांगतात. कार्डासारखं दिसतं, पण कार्ड नसतं. तसं असेल तर ते नियमात बसतं. पण मुलानं खातं उघडायला होकार देण्याआधीच खरंखुरं कार्ड आलं असेल, तर तो उघड भंग आहे. कॉलेजच्या आयडी कार्डातच बँकेची सोय असेल तरी तीसुद्धा होकारानंतरच सुरू करता येते. पाकिटावरचा टपालाचा शिक्का आणि मुलानं साइटवर होकार दिल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवा. पाकीट कचऱ्यात गेलं असेल तर कार्ड कधी रवाना केलं, हे मुलानं कंपनीला लेखी विचारावं.

आता सत्तर डॉलर पन्नास सेंट. हे सगळे परत मिळतील असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही.

करार दोन प्रकारचे असतात. 'रिफंड कुठे हवा' असं मुलाला जी कंपनी विचारते, तीच जर खातंही देत असेल, तर तो पहिला प्रकार. नियमांत त्याला टी-वन म्हणतात. यात खातं उघडण्याचा आकार (चार्ज) नाही, अमेरिकेतल्या दुकानात कार्ड वापरण्याचा आकार नाही आणि शिल्लक संपल्यावरच्या व्यवहाराचा, म्हणजे ओव्हरड्राफ्टचाही आकार नाही. हे चार्ज लावताच येत नाहीत. दुसरा प्रकार टी-टू: रिफंड कॉलेज स्वतः पाठवतं, पण एखाद्या बँकेशी करार करून तिची खाती विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारतं. तिथे ही बंदी नाही. तुमचा प्रकार कोणता हे फोनवरचा क्लार्क सांगणार नाही, त्याला ठाऊकही नसेल. पण हा करार कॉलेजला आपल्या वेबसाइटवर टाकावाच लागतो, आणि किती विद्यार्थ्यांनी खाती घेतली, वर्षाला सरासरी किती चार्ज भरला, हेही जाहीर करावं लागतं. बर्सर ऑफिसच्या, म्हणजे फी आणि रिफंड बघणाऱ्या कचेरीच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात बघा. बहुतेक तिथेच असतं.

टी-वन निघालं तर ओव्हरड्राफ्टचे २९ आणि पिनचे साडेआठ, असे ३७.५० डॉलर बेकायदा घेतले गेले. ते मागायचे. टी-टू निघालं तर साडेआठ सोडून द्या, पण २९ अजूनही सोडायचे नाहीत. एटीएम आणि एकदाच स्वाइप केलेल्या डेबिट व्यवहारावर ओव्हरड्राफ्टचा दंड लावायला ग्राहकाचा आधी घेतलेला स्वतंत्र होकार लागतो. रेग्युलेशन ई नावाच्या नियमातली ही अट २०१० पासून सगळ्या बँकांना लागू आहे. मुलानं कुठल्या व्यवहारात शिल्लक ओलांडली आणि असा होकार कधी दिला, हे कंपनीने दाखवावं. 'अकाउंट उघडताना सगळ्या अटी मान्य केल्या' हे त्याचं उत्तर होत नाही.

गॅस स्टेशनवरचे ३३ डॉलर मात्र गेले. परक्या एटीएमचा आकार घ्यायला बंदी नाही. वाद घालायला एकच जागा आहे. कंपनीच्या नेटवर्कमधली चार्ज न घेणारी मशीनं पुरेशी असली पाहिजेत आणि रिफंड वाटपाच्या दिवसांत त्यांत नोटा असल्या पाहिजेत. कॉलेजातलं मशीन बंद होतं किंवा रिकामं होतं म्हणून मुलगा बाहेर गेला असेल, तर तारखांसह लिहा. घराजवळ पडतं म्हणून गेला असेल, तर मात्र त्यालाच दोन शब्द सुनवा.

कॉलेज तुमच्याशी बोलत नाही यात त्यांचा उद्धटपणा नाही. सहसा मी कॉलेजांची बाजू घेत नाही, इथे घेते. फर्पा या १९७४ च्या कायद्याने मूल कॉलेजात गेलं की त्याच्या नोंदींवरचा हक्क आईबापांकडून त्याच्याकडे जातो, त्याचं वय काहीही असो. साताऱ्यात आपण थेट प्राचार्यांच्या खोलीत शिरलो असतो. इथे मुलानं संमतीचा फॉर्म भरून दिला की तुमच्याशी बोलता येतं. पण माझं ऐकाल तर फॉर्म भरा आणि पत्रं मात्र त्याच्याच नावानं जाऊ द्या. खातं त्याचं, तक्रार त्याची.

पत्रं दोन. पहिलं बर्सर ऑफिसला, ईमेलनं, आजच: यापुढचा रिफंड माझ्या या बँक खात्यात पाठवावा. निवड बदलण्याचा हक्क नियमानेच दिला आहे, फक्त वेळेत लेखी कळवायचं. पुढच्या सेमिस्टरच्या पैशांआधी हे झालं पाहिजे, ३७ डॉलरपेक्षा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच दिवशी मुलानं पर्याय निवडायचा स्क्रीन पुन्हा उघडावा आणि त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. स्वतःचं खातं पहिलं दिसतं का? खाली कुठे 'इतर पर्याय' असं लिहून त्यामागे लपवलंय का? व्हॉइडेड (रद्द केलेला) चेक फक्त त्याच पर्यायाला मागतात का? हे चित्र उद्या बदललेलं असू शकतं.

दुसरं पत्र कार्डामागच्या बँकेला. कंपनी आणि बँक वेगळी असते. बँकेचं नाव कार्डाच्या मागे बारीक छापलेलं असतं. स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत कळवलेली चूक तपासणं तिला बंधनकारक आहे. तुमचे दोन महिने होत आले आहेत, तेव्हा हे पत्र याच आठवड्यात गेलं पाहिजे. आधी फोन केला तरी लेखी पाठवाच.

दोन्हीकडून टोलवाटोलवी झाली तर शिक्षण खात्याच्या स्टुडंटएड डॉट गव्ह या साइटवर तक्रार करा, आणि कार्डाची तक्रार ग्राहक वित्त संरक्षण ब्युरो म्हणजे सीएफपीबीकडे. २०२५ पासून या दोन्ही खात्यांचीच वॉशिंग्टनमध्ये ओढाताण चालली आहे, त्यामुळे लगेच उत्तराची आशा धरू नका. तरीही तक्रार नोंदवा, कारण कॉलेजच्या फाइलमध्ये ती दिसणं त्यांना आवडत नाही. आपल्या राज्याच्या ॲटर्नी जनरलकडेही प्रत पाठवा.

कोर्टाचं विचारलं नाहीत, पण तो प्रश्न येतोच. रिफंडचे हे नियम मोडले म्हणून विद्यार्थ्याला कॉलेजवर थेट दावा लावता येत नाही, असंच कोर्टं धरत आली आहेत. कारवाई करायची ती शिक्षण खात्याने. ओव्हरड्राफ्टच्या २९ डॉलरसाठी बँकेवर दावा होऊ शकतो, मुदत एक वर्ष. न्यू जर्सीच्या स्मॉल क्लेम्समध्ये ५,००० डॉलरपर्यंतचे दावे वकिलाशिवाय चालतात. तिथपर्यंत जाण्याआधी खात्याच्या अटींमध्ये लवादाचं कलम आहे का ते वाचा. खरं सांगायचं तर एवढ्या रकमेसाठी बँक सहसा दुसऱ्या पत्रालाच पैसे परत करते.

कार्डावर अजून शिल्लक असेल तर ती मुलाच्या बँकेत वळवून घ्या. टी-वन असेल तर पूर्ण रक्कम आकाराशिवाय काढण्याची सोय त्यांना द्यावीच लागते. वादाचा निकाल लागेपर्यंत खातं बंद करू नका, नाहीतर स्टेटमेंट मिळवायला खेटे घालावे लागतील.

राहिला भाचा. एफ-वनवाल्याला केंद्राची मदत मिळत नाही, म्हणून हे २०१६ चे नियम त्याच्या पैशाला लागू नाहीत. पण जास्त भरलेली फी परत करताना अनेक कॉलेजं त्याच कंपनीचा तोच स्क्रीन त्याच्यापुढेही ठेवतात. त्याला फक्त रेग्युलेशन ईचा आधार आहे, म्हणजे होकाराशिवाय ओव्हरड्राफ्टचा दंड नाही आणि ६० दिवसांत कळवलेल्या चुकीची बँकेने तपासणी करायची. तेव्हा विमानातून उतरल्यावर पहिल्या आठवड्यात पासपोर्ट आणि आय-ट्वेंटी (कॉलेजनं व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा कागद) घेऊन त्याला बँकेत न्या, साधं विद्यार्थी खातं उघडून द्या, आणि पर्याय निवडायच्या स्क्रीनवर त्याच बँकेचा राउटिंग नंबर (बँकेची ओळख पटवणारा) आणि खाते क्रमांक घाला.