वयाला 10ने गुण, पण आधी युनिट बघ

फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याची (पल्मनरी एम्बोलिझमची) शंका आहे आणि डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या तुकड्यांची चाचणी, 690 आली म्हणून 78 वर्षांच्या आजींना लगेच सीटीला पाठवू नकोस. वय वाढतं तसा हा आकडा आपसूक वर सरकतो, त्यामुळे 500ची सरसकट रेषा म्हाताऱ्या माणसांत फारशी कामाची राहत नाही. पन्नाशीनंतर वयाला 10ने गुण. आजींची मर्यादा 780, म्हणजे 690 निगेटिव्ह.

मात्र आधी वेल्स किंवा जिनिव्हा स्कोअर (लक्षणं-इतिहासावरून गुठळीची शक्यता किती ते सांगणारे गुण) काढ, तोही रिपोर्ट हातात यायच्या आत. आकडा दिसला की स्कोअर हवा तसा वळतो, भल्याभल्यांचा. शक्यता जास्त निघाली तर डी-डायमरच्या नादी न लागता थेट सीटी अँजिओ, म्हणजे कॉन्ट्रास्ट टोचून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी.

खरी मेख युनिटची. वरचा हिशोब नॅनोग्रॅम प्रति मिली, एफईयूचा (फायब्रिनोजेन इक्विव्हॅलंट युनिट). काही लॅब डीडीयूमध्ये (डी-डायमर युनिट) देतात. तिथे आकडा साधारण निम्मा येतो, म्हणून वयाला 5ने गुणायचं. कुणी मायक्रोग्रॅम प्रति मिलीमध्ये 0.69 छापतं, ते 690च. रिपोर्टवर एफईयू की डीडीयू हे लिहिलंच नसेल तर लॅबला फोन लाव, लाजू नकोस.

हे हवेतलं नाही. 2014च्या अ‍ॅडजस्ट-पीई अभ्यासात पंचाहत्तरी गाठलेल्या, शक्यता जास्त नसलेल्या रुग्णांपैकी जुन्या मर्यादेने 6.4 टक्क्यांमध्येच पल्मनरी एम्बोलिझम वगळता आला. नव्या मर्यादेने 29.7 टक्क्यांमध्ये. क्रिएटिनिन चढलेल्या, म्हणजे मूत्रपिंड कमजोर असलेल्या वृद्धाचा कॉन्ट्रास्ट टळणं काही थोडंथोडकं नाही. हेपरिन (गुठळी रोखणारं औषध) आधीच सुरू असेल तर मात्र निगेटिव्हवर विसंबू नकोस.