साठीनंतरचा जोडीदार आणि मोबाइल

प्रश्न : वय ६३, पतीचे निधन होऊन सहा वर्षे झाली. विवाह संकेतस्थळावर परदेशातल्या एका डॉक्टरांची ओळख झाली. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणे होते, व्हिडिओ कॉलला मात्र त्यांच्याकडे नेट पुरत नाही. त्यांनी माझ्यासाठी दागिने आणि डॉलर पाठवले आहेत. दिल्ली कस्टममधून एका बाईंचा फोन आला, ४५ हजार भरल्याशिवाय पार्सल सुटणार नाही म्हणाल्या. भरू का? मुलाला काही सांगितलेले नाही. (नाशिक)

उत्तर : एक रुपयाही भरू नका. पार्सल नाहीच, आणि डॉक्टरही नाहीत. हे काम टोळीचे असते. एक जण गोड बोलतो, दुसरी व्यक्ती कस्टम अधिकारी होते, तिसरा भाड्याने घेतलेली बँक खाती पुरवतो. ४५ हजार गेले की दोन दिवसांत पुढचा फोन येतो : पार्सलमध्ये डॉलर सापडले, गुन्हा नोंदवायचा नसेल तर प्रमाणपत्राचे दीड लाख भरा. पहिली रक्कम बुडू नये म्हणून माणूस दुसरी भरतो. दरवेळी आकडा वाढतो तो याच कारणाने.

खरे कस्टम खाते कुणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. शुल्क असेलच तर ते टपाल खाते किंवा कुरिअर कंपनी पावती देऊन घेते. नोव्हेंबर २०१९ पासून कस्टमच्या पत्रांवर ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

त्या गृहस्थांचा फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये, टाकून पाहा. बऱ्याचदा तो दुसऱ्याच कुणाचा निघतो. फोटो सापडला नाही, तरी माणूस खरा ठरत नाही. पुढे कुणाशीही ओळख झाली तर आठवडाभरात व्हिडिओ कॉल मागा आणि बोलताना मान पूर्ण बाजूला वळवायला, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा. संगणकाने चढवलेला नकली चेहरा (डीपफेक) अशा वेळी अनेकदा फाटतो. कारणे सांगून टाळणाऱ्याला तिथेच थांबवा.

पैसे आधीच दिले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून तास मोलाचे. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही नोंदवा. त्या माणसाला ब्लॉक करण्याआधी सगळे संभाषण जपून ठेवा. नंतर कुणी ‘तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फी भरा’ म्हणत आला, तर तोही बहुधा त्यांचाच.

आणि मुलाला आजच सांगा. ‘आपले इतक्यात कुणाला कळू देऊ नकोस’ हे असे लोक सुरुवातीलाच म्हणून ठेवतात, कारण घरातला दुसरा माणूस दोन प्रश्नांत त्यांना उघडे पाडतो. सोबत हवीशी वाटणे ही तुमची चूक नाही. ज्याने त्याचा फायदा घेतला, लाज त्याला वाटायला हवी.

प्रश्न : वय ६९, विधुर, ठाणे. संकेतस्थळावर माहिती भरली, पण कुणी उत्तर देत नाही. काय लिहावे?

उत्तर : आधी जागा नीट निवडा. डेटिंग अ‍ॅपवर या वयाची माणसे कमी भेटतात. विवाह संकेतस्थळांचा पुनर्विवाह विभाग आणि ज्येष्ठांचे मेळावे जास्त उपयोगी. पुण्यात माधव दामले यांनी सुरू केलेली ‘हॅपी सीनिअर्स’ लग्न न करता एकत्र राहू इच्छिणाऱ्या ज्येष्ठांसाठीही काम करते. अहमदाबादचे नटुभाई पटेल ज्येष्ठांचे असेच मेळावे भरवत आले आहेत.

फोटो गेल्या सहा महिन्यांतला, गॉगल न लावलेला हवा. खरे वय, लग्न हवे की नुसती सोबत, राहणार कुठे, मुलांना कल्पना आहे का, हे चार-पाच ओळींत लिहा. ‘सेवाभावी, स्वयंपाकाची आवड असलेली’ ही ओळ असेल तर आजच काढा. अनेक बायकांनी आयुष्यभर घर आणि आजारपणे सांभाळलेली असतात. त्या ओळीत त्यांना तेच काम पुन्हा दिसते. तुम्हाला काय करायला आवडते आणि घरात तुम्ही कोणती कामे करता, ते लिहा. मधुमेह, बायपास वगैरे दुसऱ्या भेटीपर्यंत सांगून टाका.

पेन्शनचा आकडा, सोसायटीचे नाव आणि ‘घरी एकटाच असतो’ हे मात्र लिहू नका. यासाठी वेगळे सिमकार्ड घ्या. पहिली भेट दिवसा, गजबजलेल्या हॉटेलात, तासाभराची. जाण्या-येण्याची सोय आपली आपण करा आणि कुठे जाताय ते एकाला तरी सांगून ठेवा. गोष्ट पुढे सरकली की जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा एकमेकांना दाखवा. तुम्ही दाखवलात की मागणेही सोपे जाते. परस्परसंमतीने न झालेल्या घटस्फोटात अपिलाची ९० दिवसांची मुदत उलटल्याशिवाय हिंदू विवाह कायद्याप्रमाणे पुन्हा लग्न करता येत नाही.

प्रश्न : यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, एक मुलगी आहे. पुनर्विवाह केला तर ते बंद होईल का? (कोल्हापूर, वय ६१)

उत्तर : हो. केंद्राच्या नियमांत अपत्य असलेल्या विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन पुनर्विवाहानंतर थांबते. अपत्य नसेल आणि स्वतःचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल, तरच ते चालू राहते. भविष्य निर्वाह निधीच्या ९५ सालच्या योजनेतली विधवा पेन्शनही पुनर्विवाहाने बंद होते. राज्य सरकारचे नियम वेगळे आहेत, त्या वाचकांनी कोषागारातून लेखी उत्तर घ्यावे. लग्न लपवून पेन्शन घेत राहिलात तर ती वसूल होते.

याच कारणाने अनेक जणी लग्नाशिवाय एकत्र राहतात. तसे ठरवलेत तर मृत्युपत्र हवेच, कारण सोबत्याला वारसाहक्क नाही. लग्न केले तर हिंदू वारसा कायद्याने पत्नीला पतीच्या मिळकतीत त्याच्या प्रत्येक मुलाइतका वाटा मिळतो, आणि मुलांचा विरोध पुष्कळदा तिथून सुरू होतो. म्हणून दोघांनी आपापले मृत्युपत्र आधीच करावे : दोन साक्षीदार, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे, सोबत मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला, आणि शक्यतो दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. हिंदूंचे मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही. ख्रिस्ती आणि पारशी वाचकांचे होते, त्यांनी ते लग्नानंतर नव्याने करावे.

प्रश्न : अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल उचलला. आता रेकॉर्डिंग मुलांना पाठवण्याची धमकी येते आहे. (वय ७१)

उत्तर : पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. धमक्यांचे स्क्रीनशॉट आणि नंबर जपून ठेवा, मग ब्लॉक करा. फेसबुकची मित्रयादी इतरांना दिसणार नाही अशी करा. ‘सीबीआयमधून बोलतोय’ असा फोन आला तर तो त्याच टोळीचा समजा. १९३० वर तक्रार द्या, आणि मुलांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा.