किलमोर नेमकं कुठलं?

प्रश्न : माझी आजी खडकीतल्या अँग्लो-इंडियन कॅथलिक घरातली. तिचे पणजोबा, आडनाव मर्फी, 1850च्या आसपास आयर्लंडहून कंपनीच्या मुंबई फौजेत आले. ‘आपण किलमोरचे’ एवढंच आजी सांगायची, कधी ‘किलमूर’ही म्हणायची. नकाशात किलमोर ढिगाने आहेत. आमचं कसं ओळखू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : भूमी अभिलेख खात्यात माझी तीस वर्षं गेली. ‘साहेब, जमीन वडगावला’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारायचो, तालुका कुठला, बुद्रुक की खुर्द? तिकडेही तेच. ‘मोर’ म्हणजे थोरलं, ‘बेग’ म्हणजे धाकटं. ‘किल’ म्हणजे बहुधा चर्च, पण कधी रानही, कारण इंग्रजी अक्षरांत बसवताना दोन वेगळ्या आयरिश शब्दांचं एकच ‘किल’ झालं. त्यात गावाहून लहान असे ‘टाउनलँड’ 60,000हून अधिक!

म्हणून सुरुवात आयर्लंडपासून नको, खडकीपासून करा. मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत पणजोबांचं लग्न शोधा, वडिलांचं नाव मिळतंय का पाहा. मर्फी म्हणजे तिकडचे पाटील, नुसत्या आडनावावर निभावणार नाही. कंपनीच्या शिपायांच्या नोंदीही तिथेच आहेत. त्यांत जिल्हा आणि नशीब असेल तर पॅरिशही, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसरही, सापडेल.

जिल्हा कळला की ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’ उघडा. 1847 ते 1864 या काळातली ही कर-आकारणी : जमीन कोण कसतो, कोणाकडून घेतली, क्षेत्र किती, आकार किती. सातबारा वाचणाऱ्याला ती परकी वाटणार नाही. किलमोरमध्ये मर्फी दिसले, तर त्या पॅरिशची बाप्तिस्मा-नोंद आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते.

जुन्या शिरगणतीच्या मागे मात्र लागू नका. 1821 ते 1851च्या बहुतेक याद्या 1922मध्ये डब्लिनच्या अभिलेखागारासोबत जळाल्या. 1861 ते 1891च्या तर सरकारनेच नष्ट केल्या. (आमच्यासारख्यांच्या पोटात हे वाचून अजून कालवतं.)

आणि ते ‘किलमूर’ टाकून देऊ नका. ‘किलमरी’ नावाची गावंही तिकडे बरीच आहेत, अर्थ ‘मेरीचं चर्च’. आजी गावाबद्दल बोलताना कधी मेरीमातेचं नाव घ्यायची का, हे आईला आजच विचारा.