संप आधी कुणी पुकारला?

प्रश्न : मुलीला शाळेत कॅलिफोर्नियातल्या द्राक्षसंपावर लिहायचं होतं, म्हणून मीही वाचत बसलो. जिथे तिथे शेतमजुरांचे मेक्सिकन वंशाचे पुढारी सीझर चावेझ यांचंच नाव. एका ठिकाणी मात्र संप लॅरी इटलिआँग नावाच्या फिलिपिनो मजुराने सुरू केला, असं दिसलं. खरं काय? आणि हा माणूस कोण? – एक वाचक

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खरं आहे. तुमच्या मुलीने निबंधात हे नाव पहिल्या परिच्छेदातच घालावं, असं मला वाटतं.

इटलिआँग यांचा जन्म 1913 चा, फिलिपिन्समधल्या पंगासिनान प्रांतातला. त्या काळी फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात होतं, त्यामुळे तिथल्या माणसांना अमेरिकेत यायला आडकाठी नव्हती. 1929 साली पंधरा वर्षांचा हा पोरगा बोटीतून उतरला. वकील व्हायचं मनात होतं, शिक्षण मात्र प्राथमिक शाळेपुरतंच. हाताला मिळालं ते काम : अलास्कात मासळी डबाबंद करण्याचं, कॅलिफोर्नियात शतावरी नि लेट्यूसच्या शेतातलं. कामावरच्या अपघातात एका हाताची तीन बोटं गेली. पुढे जन्मभर लोक त्यांना ‘सात बोटांचा’ म्हणूनच ओळखत.

त्यांच्याबरोबर आलेल्या पिढीला ‘मनोंग’ म्हणतात. इलोकानो भाषेत मनोंग म्हणजे थोरला भाऊ, म्हणजे आपला दादाच. हे दादा बहुतेक एकटेच राहिले, आणि ते काही हौसेने नव्हे. मुळात बायका फारशा आल्याच नव्हत्या, आणि कॅलिफोर्नियात फिलिपिनो माणसाला गोऱ्या बाईशी लग्न करायला 1948 पर्यंत कायद्याने बंदी होती. तोवर यांची तिशी-चाळिशी उलटून गेली. हंगामाप्रमाणे टोळीने फिरायचं, मालकाच्या छावणीत झोपायचं, एकत्र रांधून खायचं. टोळी हेच घर.

आता संपाकडे येते. 1965 च्या वसंतात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्यात फिलिपिनो द्राक्षतोडणी मजुरांनी काम बंद पाडलं आणि तासाला 1.40 डॉलर मिळवले. तिथला हंगाम संपला की हीच माणसं उत्तरेला डेलानोला जात. तिथल्या बागाईतदारांनी तेवढे पैसे द्यायला नकार दिला. 7 सप्टेंबरच्या रात्री डेलानोच्या फिलिपिनो हॉलमध्ये सभा भरली, हात वर झाले, आणि 8 तारखेला मजूर मळ्यावर गेलेच नाहीत. मागणी साधी होती : तासाला 1.40 डॉलर आणि वर खोक्यामागे 25 सेंट. ‘ॲग्रिकल्चरल वर्कर्स ऑर्गनायझिंग कमिटी’ या शेतमजूर संघटनेचे संघटक म्हणून हे सगळं हाताळत होते इटलिआँग.

संपाची वेळ त्यांनी नेमकी साधली होती. खायच्या द्राक्षाची तोडणी हे नाजूक काम. घड देठाला धरायचा, मण्यांवरचा पांढुरका मेणचट थर बोटाने पुसला जाऊ द्यायचा नाही, खराब मणी कात्रीने वेचून काढायचे, मग खोक्यात भरायचं. माल पिकला की थांबत नाही, आणि नवख्या हाताला हे जमत नाही. मालकांनी छावण्यांचं पाणी, गॅस, वीज तोडली, बिऱ्हाडं बाहेर काढली. इटलिआँग यांना खरी धास्ती वेगळीच होती. फिलिपिनो संपावर गेले की मेक्सिकन मजूर आणायचे, मेक्सिकन उठले की फिलिपिनो आणायचे, हा मालकांचा वर्षानुवर्षांचा डाव होता.

म्हणून ते चावेझ यांच्याकडे गेले. चावेझ आणि डोलोरेस हुएर्ता यांची मेक्सिकन मजुरांची वेगळी संघटना होती आणि चावेझ यांच्या मते ती अजून संपाला तयार नव्हती. इटलिआँग यांचं म्हणणं रोखठोक होतं : तुम्ही आला नाहीत तर आमचा संप तुमच्या माणसांकडून मोडला जाईल, आणि उद्या तुमचा आमच्याकडून. 16 सप्टेंबरला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, त्या संघटनेने चर्चच्या सभागृहात संपाचा ठराव केला. पुढे दोन्हीकडचे मजूर फिलिपिनो हॉलच्या एकाच स्वयंपाकघरात जेवू लागले. मला या संपातली सगळ्यांत मोठी गोष्ट ती पंगत वाटते. आयुष्यभर एकमेकांची मजुरी पाडायला वापरलेली माणसं तिथे शेजारी बसली.

1966 मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. चावेझ प्रमुख, इटलिआँग त्यांचे सहायक. पाच वर्षं संप आणि द्राक्षांवरचा बहिष्कार चालला. 29 जुलै 1970 ला डेलानोच्या बड्या बागाईतदारांनी करारांवर सह्या केल्या.

मग इटलिआँग यांचं नाव मागे का पडलं? एक कारण उघड आहे : फिलिपिनो संख्येने थोडे होते आणि एकीकरणानंतर सूत्रं दुसऱ्यांच्या हाती गेली. दुसरं कारण मला जास्त लागतं. करारानंतर कामाचं वाटप संघटनेच्या कार्यालयातून, सदस्यत्वाच्या ज्येष्ठतेनुसार होऊ लागलं. कागदावर हे न्याय्यच होतं. पण त्यात वर्षानुवर्षं एकत्र राबलेल्या फिलिपिनो टोळ्या फुटल्या, एकेक म्हातारा वेगवेगळ्या मळ्यावर गेला. आपल्या लोकांचं कुणी ऐकत नाही, ही खंत धरून इटलिआँग यांनी 1971 मध्ये संघटना सोडली. चावेझ यांचं मोठेपण मला कमी करायचं नाही, पण जिंकलेल्या करारात ज्यांचं घर मोडलं त्यांच्याकडे संघटनेने वेळीच बघायला हवं होतं.

त्या एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी डेलानोत ‘अग्बयानी व्हिलेज’ उभं राहिलं, 1974 साली. त्यासाठी इटलिआँग यांनीही खटपट केली होती. संपाच्या पहाऱ्यावर असताना हृदयविकाराने गेलेल्या एका मनोंगचं नाव त्या वसाहतीला आहे. छावणीतल्या खाटेवर हयात काढलेल्या माणसांना उतारवयात स्वतःची खोली मिळाली.

प्रश्न : अमेरिकेत कामगार कायदे असताना शेतमजुरांना इतकं झगडावं का लागलं? – एक वाचक

उत्तर : कारण ते कायदे त्यांच्यासाठी नव्हतेच. संघटना करण्याचा हक्क देणारा 1935 चा केंद्रीय कायदा शेतमजूर आणि घरकामगारांना वगळूनच केला गेला. कारखान्यातल्या माणसाला जे कायद्याने मिळालं, ते शेतातल्या माणसाला मालकाच्या मर्जीवर सोडलं गेलं. गंमत अशी की, त्याच वगळण्यामुळे मालकाचा माल विकणाऱ्या दुकानांवर बहिष्कार घालायला असलेली बंदीही त्यांना लागू नव्हती, आणि संपकऱ्यांनी ती वाट पुरेपूर वापरली. कॅलिफोर्नियाने शेतमजुरांसाठी स्वतंत्र कायदा केला तो 1975 मध्ये.

त्याच वर्षी तिथे आखूड दांड्याच्या खुरप्यावर बंदी आली. लेट्यूसची विरळणी करताना हेच अवजार हातात देत. दांडा जेमतेम वीतभर-हातभर, त्यामुळे सबंध दिवस कमरेतून वाकूनच काम. मुकादमाला ते सोयीचं : लांबूनही पाठ ताठ दिसली की कळायचं, हा थांबला. हजारो पाठी त्याने कायमच्या गेल्या. इटलिआँग तरुणपणी याच पिकात राबले होते. ही बंदी त्यांनी पाहिली, आणि 8 फेब्रुवारी 1977 ला, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, डेलानोतच ते गेले.