ताईचं फायकस मी न विचारता आणलं, आणि आता ते पानं टाकतंय

मावशी,
माझ्या थोरल्या बहिणीकडे बऱ्याच वर्षांपासून एक फायकस आहे, बारीक चकचकीत पानांचं, बेंजामिना. गेलं वर्षभर ताईचं कशातच लक्ष नाही. महिन्यापूर्वी तिच्याकडे गेले तर झाड अंधाऱ्या बोळात होतं. पानांवर धुळीचा थर, माती टणक होऊन कुंडीच्या कडेपासून सुटलेली. मला बघवेना. ताई झोपली होती. मी झाड उचललं, गाडीत घातलं आणि घरी आणलं. त्याच आठवड्यात मोठ्या कुंडीत लावलं, छाटलं, खत घातलं, ऊन मिळावं म्हणून गॅलरीत ठेवलं. रोज पाणी घालते. तरी आता रोज सकाळी ओंजळभर पानं खाली पडलेली असतात, बरीचशी पिवळी, काही तर चक्क हिरवी. तिच्याकडे असताना एवढी गळत नव्हती! ताईला फोन केला तर म्हणाली, "मला विचारलंही नाहीस. मला काहीच जमत नाही असंच वाटतं ना तुला," आणि फोन ठेवला. झाड परत नेऊन देऊ, की मेलं असं समजू?
तुमची एक वाचक

अगं, आधी खाली पडलेलं एक पान उचलून नीट बघ. देठासकट सुटलंय का? देठाचं टोक स्वच्छ आहे का? तसं असेल तर ते पान झाडाने स्वतः टाकलेलं आहे. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो, तिथून देठ सुटतो आणि पान गळतं. हे व्हायला फांदी जिवंत असावी लागते. एकाएकी वाळून मेलेल्या फांदीची पानं तपकिरी, कुरकुरीत होतात आणि तशीच लटकत राहतात. म्हणून ओंजळभर पानं बघून तुझ्या पोटात गोळा येत असला, तरी मला त्यात झाडाची धुगधुगी दिसते.

खात्री करायची तर एखाद्या बारीक फांदीची साल अंगठ्याच्या नखाने किंचित खरवड. आत ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. कोरडं, तपकिरी दिसलं तर तेवढा भाग गेलेला, पण म्हणून झाड गेलं असं नाही. शेंड्याकडून बुंध्याकडे येत जा. हिरवं कुठे ना कुठे लागतं, आणि तिथून खाली सगळं शाबूत असण्याची शक्यता बरीच असते.

फायकस जागा बदलली की पानं टाकतं, हा त्याचा स्वभावच आहे. वड, पिंपळ, उंबर यांच्याच घराण्यातलं झाड, पण घरात वाढवलेलं बेंजामिना या बाबतीत फार हळवं. बोळातल्या अंधूक उजेडात आलेली त्याची पानं पातळ आणि पसरट असतात, कमी उजेडावर गुजराण करण्यासाठीच घडलेली. ती एकदम उन्हात गेली की भाजतात, आणि झाड ती टाकून देतं. मग नव्या जागेच्या उजेडाला मानवतील अशी जाडसर पानं काढतं. या अदलाबदलीला काही आठवडे जातात, कधी दोन-तीन महिनेही. तोवर झाड भकास दिसतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते. जागा, ऊन, कुंडी, माती, छाटणी, खत, पाणी: तू एका आठवड्यात सगळंच बदललंस. प्रत्येक गोष्ट मायेने केलीस, पण झाडाला त्यातली एकेक पचवायला वेळ लागतो. दुर्लक्षित झाड घरी आणल्यावर हात आवरणं सगळ्यात अवघड जातं, आणि झाडाला गरज नेमकी त्याचीच असते. छाटणी झाली ती झाली. उरलेलं अजून सावरता येईल.

पहिल्यांदा त्याला उन्हातून काढ. खिडकीजवळ, भरपूर उजेड आहे पण कडक ऊन थेट अंगावर येत नाही अशी जागा बघ आणि एकदा ठेवलंस की तिथेच राहू दे. जास्त उजेडाची सवय करायचीच असेल तर ती पुढे नवी पालवी आल्यावर, दोनेक आठवडे घेऊन, हळूहळू.

मग पाणी. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण खरी मेख बहुतेक इथेच आहे. माती कुंडीच्या कडेपासून सुटली होती म्हणतेस. कुंड्यांमधलं मिश्रण, विशेषतः ज्यात पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुसा) असतं ते, एकदा पार वाळलं की पाणी धरेनासं होतं. वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर पडतं. घालणाऱ्याला वाटतं पाणी दिलं, मुळं मात्र कोरडीच. तेव्हा ताई अधूनमधून पाणी घालत असेलही. तिने झाड टाकूनच दिलं होतं असं धरून चालू नकोस.

तो वाळलेला मुळांचा गोळा तू तसाच नव्या, मोठ्या कुंडीत ठेवलास आणि भोवती ताजी माती भरलीस. आता रोजचं पाणी जातं कुठे? भोवतालच्या मोकळ्या मातीत. ती चिखल होते आणि आतला गोळा ठणठणीत राहतो. एक कोरडी लाकडी काडी घे, बुंध्याजवळ जुन्या गोळ्यात हळूच खोल खुपस, दहा मिनिटांनी काढ. दुसरी काडी कडेच्या मातीत. पहिली कोरडी आणि दुसरी ओलीचिंब निघाली, तर हेच झालंय.

तसं असेल तर झाड कुंडीतून अलगद बाहेर काढ आणि मुळं बघ. फायकसची चांगली मुळं पांढरट किंवा पिवळसर-तपकिरी आणि घट्ट असतात. कुजलेली मुळं काळपट, लिबलिबीत, चिमटीत धरली की साल निघून येणारी, आणि वास मारणारी. कुजलेली तेवढी स्वच्छ कात्रीने काप. मग तो गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडव. आधी बुडबुडे येतील, ते थांबले की आतपर्यंत पाणी पोचलं समज. पूर्ण निथळू दे आणि गोळ्यापेक्षा बोट-दोन बोटं रुंद, खाली भोक असलेल्या कुंडीत लाव. एवढ्या लहान कुंडीत कसं, असं वाटेल. पण मुळं जेवढी माती वापरतात त्याहून जास्त माती असली तर ती नुसती ओली राहते, आणि कूज तिथूनच सुरू होते. दोन्ही काड्या सारख्याच ओल्या निघाल्या आणि मातीला वास येत नसेल, तर मात्र कुंडीला हातही लावू नकोस.

यापुढे पाणी वारावर घालायचं नाही. बोट दोन पेरं मातीत घाल. कोरडं लागलं तर पाणी भोकातून बाहेर येईपर्यंत घाल आणि ताटलीत साठलेलं ओतून टाक. ओल लागली तर तसंच ठेव. पानं कमी झाली की झाड पाणीही कमी पितं, त्यामुळे सध्या त्याला तुला वाटतंय त्याहून बरंच कमी लागेल.

खत बंद, नवी पालवी येईपर्यंत. दुखावलेल्या मुळांना खतातल्या क्षारांचा त्रासच होतो. पानांवरची धूळ ओल्या मऊ फडक्याने पूस, आणि पुसताना पानांच्या मागे आणि बेचक्यात बघ. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. देठाला चिकटलेले तपकिरी ठिपके नखाने उचकटून निघाले तर खवले कीड. पातळ जाळी दिसली तर कोळी कीड. निदान तीनेक आठवडे तरी हे झाड तुझ्या बाकीच्या कुंड्यांपासून लांब राहू दे. कापलेल्या जागेतून पांढरा चीक येतो, तो अंगाला लागला तर काहींना खाज सुटते, आणि ज्यांना रबराच्या हातमोज्यांची अ‍ॅलर्जी असते त्यांनी जास्तच जपावं. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर खाली पडलेली पानं लगेच उचल.

झाडाचं एवढं पुरे. आता ताई.

तुझ्या पत्रात झाडाची माती कशी होती, पानं कशी होती, सगळं बारकाईने आलंय. ताईबद्दल दोन-तीनच वाक्यं आहेत, आणि मी ती पुन्हा पुन्हा वाचली. वर्षभर कशातच लक्ष नाही, तू गेलीस तेव्हा झोपलेली, बोलताना "मला काहीच जमत नाही". तू झाड नेलंस याचा तिला राग आलाय, पण त्याहून जास्त ती लाजली असावी असं मला वाटतं. तिच्या घरात जे कोमेजत होतं ते तू पाहिलंस, आणि तिला न उठवता घेऊन गेलीस. जागी झाल्यावर तिला काय दिसलं? बोळातली रिकामी जागा.

तेव्हा आज फोन कर, आणि माफी एकाच गोष्टीची माग: न विचारता नेल्याची. काळजी वाटली याची माफी मागायची नाही, आणि "पण त्याची अवस्था बघवत नव्हती गं" हे शेपूट जोडायचं नाही. ते जोडलंस की माफी तिथेच संपते. मग तिला खरं सांग, की झाड तुझ्याकडे पानं टाकतंय. लपवू नकोस. आणि विचार: आधी ते कुठे असायचं? केव्हा बरं होतं? पाणी किती दिवसांनी घालायचीस? पूर्वी असं कधी गळलं होतं का? हे तिचं मन राखण्यासाठी विचारायचं नाही. इतकी वर्षं ते तिने जगवलंय, आणि त्या झाडाची तिच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणालाच नाही. तुला या उत्तरांची खरोखर गरज आहे.

परत द्यायचं का, हे तिने ठरवायचं. झाड तिचं आहे. माझं मत विचारशील तर नवी पालवी फुटेपर्यंत हलवू नये, कारण पुन्हा जागा बदलली की पुन्हा गळती. तिला हे कारण सांग. तरीही ती म्हणाली की आत्ताच हवं, तर नेऊन दे. खिडकीजवळची जागा दोघी मिळून शोधा आणि बाकीची पानं गळाली तर गळू देत. झाड सावरल्यावर छाट लावून एक रोप तिला भेट देण्याचा मोह तुला होईल. तेही आधी विचारून. आत्ता तिला आणखी एक जबाबदारी नको असेल.

आणि झाडाच्या निमित्ताने बोलणं झालं की झाड बाजूला ठेवून तिची चौकशी कर. जेवतेस का, रात्री झोप लागते का, घराबाहेर शेवटची कधी पडलीस. वर्षभर असं चाललं असेल तर ते आळसाचं लक्षण नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटायला मी येते तुझ्याबरोबर, असं सरळ म्हण. पहिल्यांदा नाही म्हणाली तर महिनाभर गप्प बसू नकोस, आठवड्याने पुन्हा विचार. जगावंसं वाटत नाही असं काही तिच्या तोंडून आलं, तर त्याच दिवशी तिच्याकडे जा आणि मदत मिळेपर्यंत तिला एकटी सोडू नकोस. झाडाच्या बाबतीत थांब म्हटलं, ते इथे लागू करू नकोस.

पालवी आली की कळव. ताईशी काय बोलणं झालं, ते त्याआधी कळव.