हरताळ पाळला की फासला?

‘६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध देशाने हरताळ फासला’ हे मुलाच्या भाषणातलं वाक्य बरोबर आहे का, आणि हरताळ आणि संप हे एकच का, असं एका वाचकाने विचारलं आहे.

वाक्य साफ चूक आहे. दर ऑगस्टमध्ये कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून हे कानावर येतं आणि राग येतो. हरताळ पाळतात. फासतात तो हरताळ निराळा, त्याचं कूळही निराळं.

फासायचा हरताळ म्हणजे संस्कृत हरिताल, आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळंधमक खनिज. पोथी उतरवताना अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप द्यायचा. पिवळसर कागदावर खाडाखोड दिसायची नाही. नियमांना, वचनांना हरताळ फासतात तो हा, म्हणजे पुसून टाकतात.

पाळायचा हरताळ म्हणजे गुजराती-हिंदी हडताळ. संस्कृतात हट्ट म्हणजे बाजार, आपल्या ‘बाजारहाट’मधला हाट. ताल, तालक म्हणजे कुलूप, आपलं टाळं. बाजाराला टाळं! १८१०-११ मध्ये बनारसने ईस्ट इंडिया कंपनीच्या घरपट्टीविरुद्ध हेच हत्यार उपसलं होतं. १९१९ साली हरताळाची तारीख ३० मार्चवरून ६ एप्रिलवर गेली, पण तो निरोप दिल्लीला उशिरा पोचला. तिथल्या दुकानदारांनी ३० मार्चलाच कुलपं लावली आणि त्या दिवशी गोळीबार झाला.

काही पंडित ‘हर ताला’, म्हणजे प्रत्येक कुलूप, अशी फोड करतात. मग हिंदी-गुजरातीतला ‘ड’ कुठून आला, ते त्यांनी सांगावं. हट्टातल्या ‘ट’चा ‘ड’ झाला, हे उघड आहे.

खरा प्रश्न पुढचा आहे. मराठीत ‘ड’चा ‘र’ का झाला? उच्चार घसरला म्हणणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. ‘पडताळा’चा ‘ड’ शाबूत राहिला, तो का नाही घसरला? माझं मत असं : लेखनिकांच्या दौतीशेजारी हरताळ होताच, भाद्रपदात घरोघर हरताळका होतीच. (हरताळकेची फोड पुराणात ‘सख्यांनी हरण केलेली’ अशी आहे, म्हणजे हे तिसरं कूळ.) परका हडताळ आला आणि ओळखीच्या साच्यात बसला. त्यातून गंमत बघा, संस्कृतात ‘तालक’चे अर्थ दोन : कुलूप आणि हरताळ! दोन्ही कुळं तिथे एका उंबऱ्यावर भेटतात. हे प्रथम कोशात वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

आणि संप? गुजरातीत संप म्हणजे एकोपा. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक असे सहा दिवस काम बंद ठेवलं, तो संप. कामगार संप करतो, व्यापारी हरताळ पाळतो. मुलाच्या भाषणात ‘फासला’ खोडून ‘पाळला’ करा.